दिल्ली ते कैरो : नेहरूंची परराष्ट्रनीती आणि मुस्लिम देश

स्वातंत्र्यानंतरची पहिली सतरा वर्षे जवाहरलाल नेहरू यांनी पंतप्रधानपदाबरोबरच परराष्ट्र खात्याची सूत्रेही स्वतःकडे ठेवली होती. या काळात मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंतच्या मुस्लिमबहुल देशांशी भारताचे जे संबंध जुळले, त्यांवर नेहरूंच्या स्वभावाची आणि इतिहासदृष्टीची छाप अन्य कोणत्याही क्षेत्रापेक्षा ठळक दिसते. हे काम सोपे नव्हते. देशाची फाळणी धर्माच्या आधारावर झाली होती, शेजारी उभे राहिलेले पाकिस्तान स्वतःला मुस्लिम देशांचे स्वाभाविक अग्रणी मानत होते, काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे गेला होता, आणि भारतात राहिलेल्या मुसलमानांची संख्या १९५१च्या जनगणनेनुसार सुमारे साडेतीन कोटी होती. अशा परिस्थितीत दिल्लीहून कैरो, रियाध, तेहरान किंवा जाकार्ताकडे गेलेला प्रत्येक शब्द एकाच वेळी परराष्ट्रनीतीचा आणि अंतर्गत राजकारणाचाही भाग ठरत असे.

नेहरूंनी या देशांना एका धर्माच्या धाग्यात ओवलेला समूह म्हणून जवळ केले नाही, ही गोष्ट या साऱ्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे. त्यांच्या लेखी इजिप्त, इराण, इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान ही परकीय सत्तेच्या ओझ्याखालून बाहेर पडणारी, आपापला स्वतंत्र इतिहास असलेली राष्ट्रे होती आणि त्यांच्याशी भारताचे नाते समान अनुभवाचे होते. पॅन-इस्लामवाद, म्हणजे जगभरच्या मुसलमानांनी राष्ट्रांच्या सीमा ओलांडून एक राजकीय शक्ती म्हणून उभे राहावे हा विचार, त्यांना कालबाह्य वाटे. त्याउलट अरब राष्ट्रवाद त्यांना आपल्या राष्ट्रीय चळवळीचा सख्खा भाऊ वाटे. त्यांनी या दृष्टीच्या बळावर पुष्कळ मिळवले. पण ज्या ठिकाणी धर्म हीच राजकारणाची प्रत्यक्ष भाषा होती, त्या ठिकाणी ही दृष्टी अपुरी पडली. यश आणि अपयश या दोन्हींचे मूळ एकाच भूमिकेत होते हे ध्यानात घेतल्याशिवाय या नीतीचे मूल्यमापन न्याय्य होणार नाही.

या भूमिकेची घडण स्वातंत्र्याच्या बरीच आधी झाली होती. फेब्रुवारी १९२७मध्ये ब्रुसेल्स येथे साम्राज्यशाहीविरोधी परिषद भरली, तेव्हा काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून गेलेल्या नेहरूंची इंडोनेशियाच्या आणि उत्तर आफ्रिकेच्या तरुण नेत्यांशी गाठ पडली. १९३८मध्ये युरोपला जाताना त्यांनी इजिप्तमधील वफ्द पक्षाचे नेते नहास पाशा यांची भेट घेतली, आणि पुढच्या वर्षी त्रिपुरी काँग्रेसला वफ्दचे शिष्टमंडळ पाहुणे म्हणून आले. या जडणघडणीतला एक टप्पा महाराष्ट्रातही आहे. १९४२च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या ज्या सदस्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात डांबण्यात आले, त्यांत नेहरूंबरोबर मौलाना अबुल कलाम आझाद, असफ अली आणि डॉ. सय्यद महमूद होते. नेहरूंनी आपला भारतशोधाचा ग्रंथ याच भिंतींआड लिहिला आणि आझादांची प्रसिद्ध उर्दू पत्रेही येथेच उतरली. पुढे असफ अली अमेरिकेतील पहिले भारतीय राजदूत झाले आणि सय्यद महमूद परराष्ट्र खात्यात राज्यमंत्री झाले. मक्केत जन्मलेल्या आणि अरबी ही मातृभाषेइतकीच जवळची असलेल्या आझादांनी १९५०मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापून अरब जगातील विद्वानांसाठी अरबी नियतकालिक सुरू केले. फारसी-अरबी परंपरेत मुरलेल्या या सहकाऱ्यांचा अनेक महिन्यांचा सहवास नेहरूंच्या पश्चिम आशियाविषयक जाणिवेला खोली देऊन गेला, असे मानायला पुरेसा आधार आहे.

पहिली कसोटी पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर लागली. १९४७मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी अकरा देशांची समिती नेमली. त्या समितीतील बहुसंख्य सदस्यांनी फाळणीची शिफारस केली, तर भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी संघराज्याची, म्हणजे अरब आणि ज्यू असे दोन घटक एका देशाच्या छत्राखाली आणून प्रत्येकाला अंतर्गत स्वायत्तता देणाऱ्या व्यवस्थेची, बाजू मांडली. स्वतःच्या देशाची फाळणी नुकतीच सोसलेल्या सरकारने दुसऱ्या देशाच्या फाळणीला विरोध करणे स्वाभाविकच होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेत फाळणीच्या बाजूने ३३ आणि विरोधात १३ मते पडली. त्या तेरांमध्ये भारत होता. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अल्बर्ट आइनस्टाइन यांनी ज्यूंच्या बाजूने कळकळीचे पत्र लिहिले होते. नेहरूंनी ज्यूंच्या दुःखाबद्दल सहानुभूती व्यक्त करूनही भूमिका बदलली नाही. तरीही इस्रायल अस्तित्वात आले हे वास्तव त्यांनी अमान्य केले नाही. १७ सप्टेंबर १९५० रोजी भारताने त्याला मान्यता दिली, मात्र राजनैतिक संबंध, म्हणजे परस्परांच्या राजधानीत राजदूत नेमणे, टाळले. इस्रायलला मुंबईत वाणिज्य दूतावास उघडण्याची परवानगी तेवढी मिळाली. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके नांदलेल्या आणि घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातील अनेक कुटुंबे याच काळात इस्रायलकडे निघाली होती, त्यामुळे या मुंबईतील कार्यालयाला महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातही स्थान आहे. मान्यता द्यायची पण संबंध ठेवायचे नाहीत, ही मधली अवस्था जानेवारी १९९२पर्यंत टिकली. तिच्यामागे अरब देशांची मर्जी राखण्याचा हिशेब होता हे नाकारण्यात अर्थ नाही. १९५५मध्ये बांडुंग येथे भरलेल्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेला इस्रायलला बोलवावे, असे वैयक्तिक मत असूनही अरब देशांच्या बहिष्काराच्या भीतीने नेहरूंनी ते बाजूला ठेवले, यावरून तो हिशेब किती प्रभावी होता हे दिसते.

इंडोनेशियाच्या बाबतीत असा कोणताही अंतर्विरोध नव्हता, म्हणून तेथे नेहरू पूर्ण वेगाने पुढे गेले. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्याविरुद्ध डच सैन्याने डिसेंबर १९४८मध्ये दुसरी लष्करी कारवाई केल्यावर भारताने आपले आकाश डच विमानांना बंद केले आणि जानेवारी १९४९मध्ये दिल्लीत आशियाई व अरब देशांची परिषद भरवली. पाकिस्तानही त्या परिषदेत सहभागी झाले होते, ही बाब पुढच्या काळातील वैमनस्यात विसरली गेली. पुढच्याच वर्षी भारत प्रजासत्ताक झाला, त्या दिवशीच्या सोहळ्याचे प्रमुख पाहुणे राष्ट्राध्यक्ष सुकार्णो होते.

पाकिस्तानशी असलेली स्पर्धा मात्र या साऱ्या नीतीच्या तळाशी सतत वाहत होती. पाकिस्तानची तेव्हाची राजधानी असलेल्या कराचीने मुस्लिम देशांची आघाडी बांधण्याचे प्रयत्न सुरुवातीपासून चालवले, परंतु सप्टेंबर १९५५मध्ये पाकिस्तान बगदाद करारात सामील झाले आणि या प्रयत्नांना आतूनच तडा गेला. तुर्कस्तान, इराक, इराण, पाकिस्तान आणि ब्रिटन यांचा हा संरक्षणकरार सोव्हिएत संघाला रोखण्यासाठी झाला होता. पण इजिप्तचे नेते नासर यांच्या कैरोला त्यात ब्रिटिश वर्चस्व मागल्या दाराने परत येताना दिसले. अलिप्तता, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्ही गटांच्या लष्करी करारांपासून दूर राहून प्रत्येक प्रश्नावर स्वतःच्या विवेकाने निर्णय घेण्याची भूमिका, हा दिल्ली आणि कैरो यांच्यातला पूल ठरला तो यामुळे. एप्रिल १९५५मध्ये भारत-इजिप्त मैत्री करारावर सह्या झाल्या आणि त्याच महिन्यात बांडुंगला जाताना नासर दिल्लीमार्गे गेले. पाकिस्तानचे पंतप्रधान सुऱ्हावर्दी यांनी पुढे अरब देशांच्या एकजुटीचे वर्णन शून्यात शून्य मिळवण्यासारखे आहे अशा आशयाने केले, तेव्हा धर्मबंधुत्वाची हाक आणि लष्करी करारांचे राजकारण यांतला विरोध उघड झाला.

सुएझचा प्रसंग या इतिहासातील सर्वांत समृद्ध प्रकरण आहे, कारण नेहरूंच्या कार्यपद्धतीचे गुण आणि मर्यादा तेथे एकाच चौकटीत दिसतात. जुलै १९५६च्या मध्यावर नेहरू, नासर आणि युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष टिटो त्या देशातील ब्रियोनी बेटावर भेटले. तेथून नेहरू आणि नासर एकाच विमानाने कैरोकडे निघाले असता आस्वान धरणासाठी देऊ केलेले अर्थसाह्य अमेरिकेने मागे घेतल्याची बातमी वाटेतच येऊन थडकली, असे नासर यांचे निकटवर्ती पत्रकार मोहम्मद हैकल यांनी नोंदवले आहे. आठवडाभराच्या आत, २६ जुलै रोजी, नासर यांनी अलेक्झांड्रियाच्या सभेत सुएझ कालवा कंपनीच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. कैरोमध्ये इतका वेळ एकत्र असूनही त्यांनी या बेताचा सुगावा नेहरूंना लागू दिला नव्हता. भारताच्या युरोपशी होणाऱ्या सागरी व्यापाराचा मोठा हिस्सा या कालव्यातून जात होता, त्यामुळे दिल्लीला हा निर्णय धक्कादायक वाटला असल्यास नवल नाही. नेहरूंना घाईचे राजकारण आवडत नसे. तरीही आपल्या भूमीवरील मालमत्तेवर इजिप्तचा सार्वभौम अधिकार आहे, हे तत्त्व त्यांनी क्षणभरही दृष्टीआड केले नाही.

ऑगस्टमध्ये लंडनला बावीस देशांची परिषद भरली. इजिप्तने तिच्यावर बहिष्कार टाकला होता, म्हणून भारताचे प्रतिनिधी व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यावर अनुपस्थित पक्षाचे म्हणणे मांडण्याचीही जबाबदारी येऊन पडली. कालव्यावर आंतरराष्ट्रीय मंडळाचे नियंत्रण आणावे या अमेरिकी प्रस्तावाला अठरा देशांनी पाठिंबा दिला. इजिप्तची मालकी मान्य करून कालवा वापरणाऱ्यांचे केवळ सल्लागार मंडळ असावे, या मेनन यांच्या पर्यायामागे सोव्हिएत संघ, सिलोन आणि इंडोनेशिया उभे राहिले. तडजोडीची ही वाट तेव्हा कोणी धरली नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस आधी इस्रायलने आणि मग ब्रिटन-फ्रान्सने इजिप्तवर हल्ला चढवला. राष्ट्रकुलाचा सदस्य असूनही भारताने ब्रिटनचा निःसंदिग्ध निषेध केला आणि युद्धविरामानंतर सिनाईमध्ये उतरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकडी पाठवली. त्याच शांतिसेनेत पाकिस्तानी सैनिक घेण्यास नासर यांनी नकार दिला. भारतीय जवान पुढे १९६७पर्यंत गाझा-सिनाईच्या वाळवंटात पहारा देत राहिले, आणि त्या वर्षीच्या जूनमधील अरब-इस्रायल युद्धात त्यांच्यातील काहींनी तेथेच प्राण गमावले. या सेवेची आठवण आपल्याकडे फारशी ठेवली गेली नाही, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

सुएझच्या कसोटीवर उतरलेल्या भारताने त्याच आठवड्यांत हंगेरीच्या प्रश्नावर केलेली चालढकल मात्र विसरता येत नाही. बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरल्यानंतर मेनन यांनी आमसभेतील एका महत्त्वाच्या ठरावाविरुद्ध मत दिले, आणि लंडन-पॅरिसला धारेवर धरणारी भाषा मॉस्कोसाठी बराच काळ सापडली नाही. अरब राजधान्यांमध्ये याचा परिणाम झाला नाही, पण भारताच्या नैतिक उंचीला या विसंगतीने जे पोचे पाडले ते पुढे कायम राहिले.

सुएझच्या वेळी दिलेल्या साथीची परतफेड पाच वर्षांनी झाली, आणि ती गोव्याच्या मुक्तीशी निगडित असल्यामुळे मराठी वाचकाला तिचे विशेष महत्त्व आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यावर पोर्तुगालने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली. युद्धविराम आणि भारतीय फौजांची माघार यांची मागणी करणाऱ्या पाश्चात्त्य ठरावाला तेव्हाच्या अकरा सदस्यांपैकी सात मते मिळाली. त्या ठरावाच्या विरोधात सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे नासर यांचा इजिप्त, हे चार देश उभे होते. ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने, म्हणजे कायम सदस्याच्या एका विरोधी मताने निर्णय रोखण्याच्या अधिकाराने, फेटाळला गेला हे खरे. तथापि पोर्तुगालची तक्रार अमान्य करावी असा प्रतिठराव मांडणाऱ्या तीन देशांत इजिप्त होता. भारत एकट्या सोव्हिएत संघाच्या ढालीआड उभा नाही, आशिया-आफ्रिकेचा आवाजही त्याच्या बाजूने आहे, हे त्यातून जगापुढे आले. वसाहतवादाला विरोध ही एकच कसोटी कैरो आणि पणजी या दोन्ही ठिकाणी लागू होते, या नेहरूंच्या प्रतिपादनाला इतका ठोस प्रतिसाद अन्यत्र क्वचितच मिळाला.

या संबंधांची उभारणी केवळ पंतप्रधानांच्या दौऱ्यांनी झाली नाही. माथेरानमध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले इस्लामी कायद्याचे थोर अभ्यासक आसफ अली असगर फैजी १९४९ ते १९५१ या काळात इजिप्तमध्ये राजदूत होते, आणि सुएझच्या बिकट महिन्यांत कैरोतील भारतीय दूतावासाची धुरा अली यावर जंग यांच्याकडे होती. हेच अली यावर जंग १९७१मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि त्या पदावर असतानाच १९७६मध्ये त्यांचे निधन झाले. कैरोच्या अल-अझर विद्यापीठातील विद्वानांशी त्यांच्या परंपरेच्या पायावर बोलू शकणारी ही पिढी होती. तिची जागा पुढे नुसत्या प्रशासकीय कौशल्याने भरून निघाली नाही.

अरबस्तानातील राजेशाह्यांशी नेहरूंचे नाते मात्र इतके उबदार नव्हते. सौदी अरेबियाचे राजे सौद १९५५च्या अखेरीस भारतात आले आणि भारतीय मुसलमानांचे भवितव्य सुरक्षित हातांत आहे असा निर्वाळा देऊन गेले, तेव्हा कराचीतील अस्वस्थता लपून राहिली नाही. पुढच्या वर्षी नेहरू रियाधला जाऊन आले. तरीही प्रगतिशील प्रजासत्ताके एका बाजूला आणि जुनाट राजवटी दुसऱ्या बाजूला अशी विभागणी त्यांच्या मनात पक्की होती. भारताचा अरबस्तानाच्या किनाऱ्याशी खरा संबंध कैरोच्या राजकारणाहून जुना होता आणि तो मुंबई बंदरातून जात होता. हजला जाणारे देशभरचे यात्रेकरू क्रॉफर्ड मार्केटजवळील साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत आणि मुंबईच्या मोगल लाइन कंपनीच्या जहाजांनी जेद्दाहला जात. आखातातील कुवेत, बहारीन, कतार आणि ओमानच्या किनाऱ्यावरील बाजारांत भारतीय रुपया हेच चलन होते. सोन्याच्या चोरट्या व्यापारातून तेथे गेलेले रुपये परत येऊन भारताची परकीय गंगाजळी आटवू लागले, तेव्हा १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, ‘झेड’ अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या खास नोटा काढल्या, आणि यात्रेकरूंसाठी ‘एचए’ अशी अक्षरे असलेल्या हज नोटा छापल्या. कुवेत आणि बहारीन यांनी १९६६च्या अवमूल्यनाआधीच आणि आखातातील उरलेल्या राज्यांनी त्यानंतर रुपयाचा त्याग केला. आज लाखो भारतीय, त्यांत रत्नागिरी-रायगडची असंख्य कुटुंबे, ज्या आखातावर पोट भरतात, तेथे नेहरूंच्या काळी भारताचे चलन खणखणत होते आणि दिल्लीचे लक्ष मात्र नाईलच्या काठावर खिळलेले होते. या काळातील परराष्ट्रनीतीची ही सर्वांत मोठी हुकलेली संधी मानावी लागेल. आखातातील बहुतेक राज्ये तेव्हा ब्रिटिश संरक्षणाखाली होती, हे त्याचे स्पष्टीकरण आहे; पण ते पुरेसे नाही.

अल्जीरियाच्या बाबतीतही शब्द आणि कृती यांत अंतर पडले. फ्रान्सविरुद्ध लढणाऱ्या अल्जीरियन नेत्यांनी १९५८मध्ये हंगामी सरकार स्थापले, तेव्हा अरब देशांनी त्याला तत्परतेने मान्यता दिली, भारताने ती दिली नाही. फ्रेंच वसाहत राहिलेल्या पुदुच्चेरीच्या कायदेशीर हस्तांतराचा करार १९५६मध्ये होऊनही फ्रेंच संसदेची संमती १९६२पर्यंत अडकून राहिली होती, आणि पॅरिसला दुखवण्याची तयारी दिल्लीत नव्हती. साम्राज्यवादविरोध हेच ज्या नीतीचे भांडवल होते, तिने हा संकोच दाखवणे अल्जीरियन क्रांतिकारकांना बोचले, यात आश्चर्य नाही.

चीनशी १९६२मध्ये युद्ध झाले तेव्हा तर या मैत्रीचे खरे वजन लक्षात आले. बहुतेक मुस्लिम देशांनी कोणाचीही बाजू घेण्याचे टाळले. डिसेंबरमध्ये कोलंबोला जमलेल्या सहा अलिप्त देशांत इजिप्तनेच भारताची बाजू तुलनेने समजून घेतली, तर इंडोनेशिया पेकिंगकडे झुकलेला होता. अलिप्ततेचा आग्रह धरणाऱ्या भारताला इतरांनी अलिप्त राहू नये असे म्हणता येत नव्हते, ही त्यातली खरी अडचण होती. मे १९६४मध्ये नेहरूंचे निधन झाले, आणि पुढच्या वर्षीच्या भारत-पाक युद्धात इराण, तुर्कस्तान आणि इंडोनेशिया यांनी उघडपणे पाकिस्तानला साथ दिली.

म्हणूनच प्रस्तुत विवेचन नेहरूंच्या मृत्यूपाशी न थांबता १९६९च्या सप्टेंबरपर्यंत जाते. जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीला आग लावली गेल्यानंतर मोरोक्कोच्या राबात शहरात इस्लामी देशांची शिखर परिषद भरली. भारताला तिचे निमंत्रण मिळाले, केंद्रीय मंत्री फखरुद्दीन अली अहमद यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ तेथे पोहोचलेही, परंतु पाकिस्तानचे याह्या खान यांनी हट्ट धरताच भारताला बैठकीबाहेर ठेवण्यात आले. ज्या समूहाचे अस्तित्व नेहरूंनी राजकीय वास्तव म्हणून कधी गृहीत धरले नव्हते, तो या परिषदेतून संघटना म्हणून आकाराला आला. तिच्या व्यासपीठावर भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सन्माननीय पाहुण्या म्हणून भाषण करण्यासाठी मार्च २०१९ उजाडावे लागले. त्या वेळी अबूधाबीत सुषमा स्वराज व्यासपीठावर होत्या आणि पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री गैरहजर राहिले. या अर्धशतकात तेल, स्थलांतर आणि सुरक्षाविषयक सहकार्य यांनी संबंधांचा पायाच बदलून टाकला होता, आणि ज्या राजेशाह्यांना नेहरूंनी दुय्यम मानले होते त्याच दिल्लीच्या सर्वांत जवळच्या भागीदार बनल्या होत्या.